ब्रॅकेट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी पंपाची लांबी विचारा: जुन्या कॅमारोचं उदाहरण



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘एक नग विकायचा की पूर्ण सेट’ हा विषय घेतला होता. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून मोजमापं आणि तपशील इथे नीट लिहून देतोय. उदाहरण अमेरिकेतल्या जुन्या मसल कारचं आहे. आपले काही प्रेक्षक नोकरीनिमित्त तिकडे आहेत. कुणी जुनी गाडी घेऊन शनिवार-रविवारी खटपट करतं, तर कुणी जुन्या पार्टचा छोटा जोडधंदा करतं. त्यांच्याकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: “१९६८ च्या कॅमारोला ३५० चं इंजिन बसवलंय. अल्टरनेटरचं ब्रॅकेट कोणतं घेऊ?”

माझं उत्तर ठरलेलं आहे. ब्रॅकेटचं नंतर बघू, आधी वॉटर पंपाची लांबी मोजून सांगा.

असं का, ते समजलं तर तुम्ही जुन्या गाड्यांचे पार्ट विका, ट्रॅक्टरचे विका किंवा पिठाच्या गिरणीचे पट्टे विका, कोटेशन देण्याची तुमची पद्धत बदलेल.

आधी इंजिनाचं तोंड समजून घेऊ

इंजिनाच्या पुढच्या बाजूला खाली क्रँकची पुली असते. तिच्यावरून बेल्ट निघतो आणि वॉटर पंप फिरवतो. आपल्याकडचे मिस्त्री याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. जुन्या गाडीत पंखाही त्याच पंपाच्या तोंडावर असतो. तोच किंवा दुसरा बेल्ट अल्टरनेटर फिरवतो. पॉवर स्टीअरिंग आणि एसी असेल तर त्यांचे बेल्ट वेगळे. या सगळ्यांना इंजिनावर धरून ठेवतात ती ब्रॅकेट.

आता महत्त्वाची गोष्ट. एका बेल्टवरच्या सगळ्या पुल्या एका सुतात पाहिजेत. व्ही-बेल्टसाठी साधा नियम असा, की दोन पुल्यांमध्ये एक फूट अंतर असेल, तर फरक १/१६ इंचापेक्षा जास्त नको. आपल्या सुतार-फिटरच्या भाषेत सांगायचं तर फुटाला अर्धं सूत. यापेक्षा जास्त फरक पडला की बेल्ट ओरडतो, कडा खातो आणि शेवटी उडतो. बेल्ट उडाला की चार्जिंग बंद, पंप बंद आणि पंखाही बंद. हायवेवर हे झालं आणि ड्रायव्हरचं काट्याकडे लक्ष नसलं, तर काही मिनिटांत हेड गॅस्केट जाऊ शकतं. म्हणजे ब्रॅकेट छोटं असलं तरी चुकलं तर अख्खं इंजिन उघडायची वेळ येते.

१९६८ आणि १९६९: दिसायला सारखी, पण दोन वेगळी घराणी

शेवरलेटचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ साली आलं. कॅमारो गाडी आली १९६७ च्या मॉडेल वर्षात, आणि ३५० घनइंचाचं इंजिन पहिल्यांदा तिच्यातच मिळालं. १९६७, ६८ आणि ६९ ही कॅमारोची पहिली पिढी. लांबून बघितलं तर इंजिन तेच वाटतं. पण ६८ आणि ६९ च्या मध्ये इंजिनाच्या तोंडावरची मांडणी बदलली.

१९६७-६८ च्या कॅमारोत आखूड पंप आहे. ब्लॉकला टेकणाऱ्या तोंडापासून पुली बसते त्या हबच्या तोंडापर्यंत मोजा: ५ इंच ५ सूत, म्हणजे साधारण १४३ मिलिमीटर. १९६९ पासून कॅमारोत लांब पंप आला. त्याचं माप ६ इंच साडेसात सूत, साधारण १७६ मिलिमीटर. दोन्हींत फरक साडेदहा सूत, म्हणजे ३३ मिलिमीटर. कुठे अर्ध्या सुताची सूट आणि कुठे साडेदहा सूत! वॉशर लावून हा फरक भरून निघत नाही.

पंप लांब झाला म्हणून पंपाची पुली बदलली, क्रँकची पुली बदलली आणि ब्रॅकेटही बदलली. अल्टरनेटरची तर बाजूच बदलली. एसी नसलेल्या ६७-६८ च्या गाडीत तो ड्रायव्हरच्या बाजूला आहे, ६९ ला प्रवाशाच्या बाजूला. (तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. इंजिनाची डावी-उजवी बाजू नेहमी सीटवर बसून सांगायची, बॉनेटसमोर उभं राहून नाही. फोनवरच्या निम्म्या चुकीच्या ऑर्डरी इथूनच सुरू होतात.)

आणखी एक फरक. साधारण १९६९ पासूनच्या सिलेंडर हेडच्या टोकाला ब्रॅकेटसाठी आटे पाडलेली भोकं आहेत. त्याआधीच्या हेडला ती नाहीत. म्हणजे नवीन पद्धतीचं ब्रॅकेट जुन्या हेडवर ठेवलं, तर बोल्ट मारायला जागाच नसते. उलट जुन्या पद्धतीत अल्टरनेटरचं ब्रॅकेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा आधार घेतं. मालकाने मॅनिफोल्ड काढून नळ्यांचे हेडर बसवले असतील, तर तो आधारच गेला.

हे फक्त शेवरलेटमध्ये झालं असं नाही. फोर्डच्या मस्टँगमधल्या ३०२ इंजिनातही १९७० ला असाच बदल झाला. क्रँकच्या बॅलन्सरवर पुली धरणारे बोल्ट तीनचे चार झाले, आणि वॉटर पंपाला खालचा होज जोडतात ती बाजू बदलली. त्यामुळे ‘मस्टँगची पुली द्या’ एवढ्यावर ऑर्डर घेता येत नाही.

आता मूळ प्रश्न: ६८ ची गाडी, पुढच्या काळातलं इंजिन

अशा गाड्यांमध्ये नेहमी दिसणारी परिस्थिती अशी: गाडी ६८ ची, मूळ इंजिन कधीच गेलेलं, आणि आत ७० च्या दशकातलं ३५० बसवलंय. सोबत लांब पंप आलाय. मालकाकडे मूळ आखूड पंपाची ब्रॅकेट डब्यात आहेत. यातून तीन रस्ते निघतात.

पहिला रस्ता, सगळं आखूड करायचं. या जुन्या स्मॉल-ब्लॉकवर दोन्ही पंप बसतात, त्यामुळे हे शक्य आहे. पण आखूड पंप, आखूडच्या दोन्ही पुल्या, आखूडचं ब्रॅकेट आणि मॅनिफोल्डचा आधार, एवढं सगळं लागेल. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल, प्रदर्शनात न्यायची असेल, तर हाच रस्ता.

दुसरा रस्ता, सगळं लांब ठेवायचं. हेडला भोकं आहेत का ते आधी बघायचं. पंखा ३३ मिलिमीटर पुढे सरकणार, म्हणून रेडिएटरपासून किमान इंचभर जागा राहते का ते मोजायचं. अल्टरनेटर दुसऱ्या बाजूला जाणार, म्हणून वायरिंग तिथपर्यंत न्यायचं, तेही मूळ वायरीपेक्षा बारीक वायर न वापरता. ७० च्या दशकातल्या इंजिनासोबत बऱ्याचदा आत रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर येतो. ६८ च्या गाडीत रेग्युलेटर बाहेर वेगळा आहे. म्हणजे इलेक्ट्रिशियनचं कामही निघालं.

तिसरा रस्ता, एकाच लांब चपट्या बेल्टची नवी पद्धत, म्हणजे सर्पेंटाइन किट. बेल्ट सहज बदलता येतो, ताण आपोआप धरला जातो. पण एक सापळा आहे. अनेक सर्पेंटाइन मांडण्यांमध्ये बेल्टची पाठ पंपाच्या पुलीवरून जाते, त्यामुळे पंप उलटा फिरतो. त्यासाठी उलट फिरणाराच पंप लागतो, आणि पंखा पंपावर असेल तर पातीही उलट्या घडणीची लागतात. बाहेरून दोन्ही पंप सारखेच दिसतात. चुकीचा बसला तर गळती नाही, आवाज नाही, फक्त इंजिन तापत राहतं आणि मालक थर्मोस्टॅट बदलत बसतो.

तिन्ही रस्ते बरोबर आहेत. चुकीचा आहे तो चौथा: पहिल्यातली पुली, दुसऱ्यातला पंप आणि मधे वॉशरची चळत.

पुलीचा व्यास म्हणजे वेगाचा हिशोब

गिरणीवाल्याला हे सांगावं लागत नाही. मोटरची पुली मोठी घातली की जातं जोरात फिरतं. इथेही तोच नियम. क्रँकच्या पुलीचा व्यास भागिले अल्टरनेटरच्या पुलीचा व्यास, गुणिले इंजिनाचे फेरे.

समजा क्रँकची पुली ६.७५ इंच आणि अल्टरनेटरची २.७५ इंच. गुणोत्तर आलं सुमारे २.४५. इंजिन आयडलला ७०० फेऱ्यांवर असेल तर अल्टरनेटर १,७०० च्या वर फिरतो. इंजिन ६,००० वर नेलं तर तो १४,७०० च्या पुढे जातो. आता अल्टरनेटरची पुली ३.७५ इंचांची घातली, तर गुणोत्तर १.८. वर १०,८०० म्हणजे जिवाला जरा आराम, पण आयडलला फक्त १,२६०. सिग्नलला उभं राहिल्यावर हेडलाइट मंद होतात, ते असल्या फरकामुळे.

त्यामुळे ‘चकचकीत ॲल्युमिनियमची छोटी पुली घेतो, इंजिनावरचा भार कमी होईल’ असं कुणी म्हटलं, तर विचारा: गाडी ट्रॅकवर पळणार की ट्रॅफिकमध्ये उभी राहणार? क्रँकची पुली लहान केली की वॉटर पंपही हळू फिरतो. गर्दीत, उन्हात, एसी लावून उभ्या गाडीला ते परवडत नाही.

पुलीची खाचही बघा. ३०२ घनइंचाच्या इंजिनाची कॅमारो झेड-२८ ही ट्रान्स-ॲम शर्यतींच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसवलेली गाडी. वरच्या फेऱ्यांत पळणारी. तिला कंपनीने खोल खाचेच्या पुल्या दिल्या, कारण जास्त फेऱ्यांवर बेल्ट उथळ खाचेतून उडतो. आणि व्ही-बेल्ट खाचेच्या बाजूंवर चालतो, तळावर नाही. बेल्ट तळाला टेकलेला दिसला, तर बेल्ट चुकीचा आहे किंवा पुली झिजलेली आहे.

काम करताना हा क्रम ठेवा

१. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. काही सोडण्याआधी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो.

२. निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या ब्रॅकेटसोबत पिशवीत ठेवा आणि चिठ्ठी लावा. हा शिस्तीचा भाग वाटतो, पण इथे धोकाही आहे. स्मॉल-ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, प्रवाशाच्या बाजूला, एक भोक थेट पेट्रोल पंपाच्या दांड्याच्या वाटेत उघडतं. तिथे आखूड बोल्ट लागतो. ब्रॅकेट बसवताना हाताला आला तो लांब बोल्ट पिळला, की दांडा अडकतो. मग गाडीला पेट्रोल येत नाही, आणि दोष मात्र कार्ब्युरेटरला दिला जातो.

३. पंप मोजा, पुल्या मोजा, पार्ट नंबर लिहून घ्या. जनरल मोटर्सच्या बऱ्याच मूळ पुल्यांवर नंबर ठसवलेला असतो. तारेच्या ब्रशने हलकेच साफ करा, ग्राइंडर लावू नका.

४. क्रँकचा बॅलन्सर बदलणार असाल तर टाइमिंगची खूण तपासा. १९६८ पर्यंतच्या बॅलन्सरवर ही खूण चावीच्या खाचेपासून साधारण २ अंशांवर आहे, १९६९ पासून १० अंशांवर. बॅलन्सर एका काळातला आणि टाइमिंगची पट्टी दुसऱ्या काळातली असेल, तर ८ अंशांचा घोळ होऊ शकतो. टाइमिंग लाइट बरोबर दाखवतोय असं वाटतं आणि इंजिन खडखडतं किंवा तापतं. पहिल्या पिस्टनचं खरं वरचं टोक शोधून मगच खुणेवर विश्वास ठेवा.

५. नवीन सगळं आधी हाताने, सैल बसवा. रंग नंतर. सरळ पट्टी पंपाच्या पुलीवर टेकवून क्रँक आणि अल्टरनेटरच्या पुल्या बघा. ब्रॅकेट बसवण्यासाठी पहारीने ओढावं लागत असेल, तर काहीतरी दुसऱ्या घराण्याचं आहे.

६. बेल्ट सगळ्यात शेवटी. अल्टरनेटर त्याच्या फटीच्या मध्यावर ठेवा, पुल्यांवरून दोरी फिरवा, मोजा आणि त्या मापाचा बेल्ट आणा. ताण बघताना दोन पुल्यांच्या मधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबा, साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून, बंद करून, पुन्हा बघा.

दुकानदाराच्या बाजूने हिशोब

आता आपल्या मूळ विषयावर येऊ. नमुन्याचे आकडे घेतो. एका ब्रॅकेटवर तुम्हाला १५ डॉलर सुटणार होते. ते बसलं नाही, परत आलं, आणि परतीच्या पार्सलचे १८ डॉलर तुम्ही भरले. १५ मिळाले नाहीत आणि १८ खिशातून गेले. तिकडे गॅरेजवाल्याची लिफ्ट दोन दिवस अडकली, त्याने दुसरी गाडी घेतली नाही. गिऱ्हाईक दोघांवरही नाराज. यात फसवणूक कुणीच केलेली नाही. गिऱ्हाइकाने जे मागितलं ते तुम्ही दिलं. पण त्याला ब्रॅकेट नको होतं. त्याला चार्जिंग होणारी, न तापणारी गाडी हवी होती.

म्हणून काउंटरवर हे सहा प्रश्न लिहून चिकटवा:

– गाडीचं मॉडेल वर्ष कोणतं, आणि इंजिन कोणत्या वर्षाचं?
– पंपाची लांबी किती? फोटो पट्टीसकट पाठवा.
– हेडच्या टोकाला भोकं आहेत का?
– मॅनिफोल्ड मूळ आहे की हेडर?
– पॉवर स्टीअरिंग, एसी आहे का? पुढे बसवायचा विचार आहे का?
– गाडी मूळ रूपात ठेवायची आहे की रोज चालवायची आहे?

उत्तरं आली की कोटेशन एका नगाचं करू नका, संपूर्ण रस्त्याचं करा. पंप, गॅस्केट, दोन्ही पुल्या, ब्रॅकेट, बोल्ट, बेल्ट, वायरिंग, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि समोर ‘लागणार’ किंवा ‘तुमच्याकडे आहे’. कागदावर रक्कम मोठी दिसेल. काही गिऱ्हाइकं जातील. जाऊ द्या. जे राहतील त्यांना पहिल्याच दिवशी खर्च कळलेला असेल, आणि तो काम अर्धवट असताना वाढणार नाही.

आणि जुने निघालेले पार्ट गिऱ्हाइकाचे आहेत. ते पुसून, चिठ्ठी लावून, खोक्यात घालून परत द्या. मूळ नंबरची पुली गंजलेली असली तरी पुढे गाडी विकताना मोलाची ठरते. ‘भंगार होतं, टाकून दिलं’ हे वाक्य या धंद्यात फार महागात पडतं.

या आठवड्याचं काम

तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा परत येणारी एक वस्तू निवडा. ती ज्या-ज्या वस्तूंसोबत जुळावी लागते त्यांची यादी करा. मग त्या यादीत पहिलं माप कोणतं, ज्याच्यावर बाकी सगळं ठरतं, ते शोधा. कॅमारोत ते पंपाची लांबी आहे. तुमच्याकडे कदाचित शाफ्टचा व्यास असेल किंवा पाइपचे आटे असतील. ते एक माप विचारल्याशिवाय महिनाभर ऑर्डर घ्यायची नाही. परत आलेल्या नगांची संख्या वहीत रोज मांडा आणि महिनाअखेर मागच्या महिन्याशी ताडून बघा.

पुढच्या भागात उधारीच्या वहीवर बोलू. तोपर्यंत पट्टी हाताशी ठेवा.